झोपेभाऊंचं मत

सिनेमा संपल्यावर जो माणूस काही न बोलता चपला शोधू लागतो, त्याच्याविषयी झोपेभाऊंच्या मनात कायमची अढी बसत असे. ते त्याला दारातच गाठत आणि विचारत, "पाह्यला का नाही मग तुम्ही?" तो बिचारा "पाहिला की" म्हणाला तर पुढचा प्रश्न तयार असे. "मग मत काय?" मत सांगितल्याशिवाय जिना उतरू देत नसत.

आमचं मंडळ लहान होतं. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. जळगावात चौधरी वकिलांच्या ऑफिसवर एक लांबट खोली होती. तिथं त्यांनी हौसेनं घेतलेला व्हिडिओ आणि रंगीत टीव्ही ठेवला होता. रविवारची पौराणिक मालिका संपून रस्त्यावर पुन्हा माणसं दिसू लागली, की आम्ही एकेक जण तिथं जमत असू. कॅसेट कधी मुंबईहून यायची, कधी सुरतेहून. कॉलेजात इंग्रजी शिकवणारे वाणी सर सिनेमा निवडायचे, आधी थोडी ओळख करून द्यायचे आणि नंतर चर्चा घ्यायचे. एका शाळेतल्या शिक्षिका मंगलाताई, कोर्टाजवळ दुकान असलेले सलीमभाई शिंपी, वकील स्वतः, आणखी पाचसात माणसं. मी एका शाळेत भूगोल शिकवत होतो आणि या सगळ्यांत वयानं लहान होतो, त्यामुळे ऐकण्याचं काम माझ्याकडे असे.

झोपेभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मूळ गाव भुसावळकडचं, पण नोकरीची बरीच वर्षं चाळीसगाव-धुळे या फाट्याच्या रेल्वेमार्गावर कोळशाच्या इंजिनावर गेली. उंच, हाडापेरानं मजबूत, दोन्ही हातांवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. आडनावावरून त्यांची थट्टा पहिल्या दिवशीच होऊन गेली होती. वकील म्हणाले, झोपे नावाचा माणूस अंधाऱ्या खोलीत जागा राहील याची खात्री काय? त्यावर झोपेभाऊंनी शांतपणे सांगितलं, की या नावाचा ड्रायव्हर रेल्वेनं इतकी वर्षं ठेवून घेतला, तुम्ही दोन तास ठेवून पाहा.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं. फ्रेंच, इटालियन यांचा तर प्रश्नच नाही. पण त्यामुळे त्यांचं कधी अडलं नाही. एकदा कुठल्याशा थंड देशातला एक सिनेमा लागला. दोन बायका एका घराची वाटणी करत होत्या आणि अडीच तासांत कोणी आवाजसुद्धा चढवला नाही. चर्चेत झोपेभाऊंनी थोरल्या बाईची बाजू घेतली. सुनेनं एवढा त्रास दिल्यावर सासूनं स्वयंपाकघर तरी का सोडावं, असा त्यांचा मुद्दा होता. वाणी सरांनी दोनदा सांगितलं, की या सख्ख्या बहिणी आहेत. झोपेभाऊंनी मान डोलावली. मग म्हणाले, असं असेल तर चूक सिनेमा काढणाऱ्याची आहे, बाईची नाही. आणि आपलं मत त्यांनी बदललं नाही.

चांगल्या सिनेमाला ते 'पोचला' म्हणत, वाईटाला 'यार्डातच राह्यला'. मधलं काही नाही. सलीमभाईंशी त्यांचा कायम वाद. सलीमभाई सिनेमात कपडे पाहत, झोपेभाऊ माणसाचे हात पाहत. माणूस खोटं बोलताना तोंड सांभाळतो, हात सांभाळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या घरी मी बऱ्याचदा जात असे. पिंप्राळ्याच्या बाजूला दोन खोल्यांचं घर, दारात शेवग्याचं झाड. सिंधूताई, त्यांच्या पत्नी, मला न विचारता भरीत-भाकरी पुढं ठेवत. भरीत खाताना झोपेभाऊंना हमखास जुना काळ आठवायचा. इंजिनावर असताना ते आणि इंजिनात कोळसा टाकणारा त्यांचा फायरमन फावड्यावर वांगी ठेवून भट्टीत भाजत. फायरमनच्या आईकडून दोघांपुरत्या भाकऱ्या आणि ठेचा बांधून आलेला असे. ती म्हातारी झोपेभाऊंच्या भाकरीला वेगळी खूण म्हणून कडेला बोटानं दाबून द्यायची, कारण त्यांना जाड भाकरी लागायची. ही गोष्ट ते रंगवून सांगत. पण फायरमनचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. 'माझा फायरमन' एवढंच. तो आता कुठं असतो, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, असेल कुठंतरी. आणि सिंधूताई उठून आत गेल्या.

आणखी एक प्रसंग माझ्या लक्षात राहिला होता, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. आम्ही दोघं भाजीबाजारात होतो. समोरून त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ आले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. ते थांबले, माझ्याशी मुलाच्या अभ्यासाबद्दल बराच वेळ बोलले. झोपेभाऊ माझ्या खांद्याला खांदा लावून उभे होते. त्या गृहस्थांनी एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. खांबाशेजारी उभं राहून बोलावं तसे बोलले आणि निघून गेले. मी विचारलं, तुमच्या ओळखीचे नव्हते का हे? रेल्वेतच होते ना? झोपेभाऊ मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हणाले, "वळखलं नसंल त्यानं."

मग तो सिनेमा आला.

वाणी सरांनी आठवडाभर आधीपासून त्याची तयारी केली होती. इटलीत बनवलेला काउबॉयचा सिनेमा, पण साधा मारामारीचा नाही. मेक्सिकोत क्रांती चालू आहे आणि एक दरोडेखोर केवळ लुटीच्या लोभानं तिच्यात ओढला जातो, अशी कथा. उन्हानं भाजलेली माळरानं, धूळ, घामेजलेले चेहरे. आमच्या धुळ्याकडच्या उन्हाळ्यासारखंच ते सगळं दिसत होतं. पहिल्या दहा मिनिटांत खोली रंगून गेली. सलीमभाई पुढं सरकून बसले. दरोडेखोर मोठा गमत्या होता. माणूस मारतानाही विनोद करायचा.

अर्धा सिनेमा झाल्यावर एक आगगाडी येते. सरकारचं सैन्य घेऊन निघालेली. दरोडेखोर टेकडीवरून टपावर उडी मारतो, डब्यांवरून धावत इंजिनापर्यंत येतो आणि आत उतरतो. आत ड्रायव्हर एकटाच असतो. जाडसर, टक्कल पडलेला, घाबरून दोन्ही हात वर केलेला. दरोडेखोर त्याला हसत हसत विचारतो, तू कोणाच्या बाजूचा? ड्रायव्हर काहीतरी पुटपुटतो. दरोडेखोर मान हलवतो, पटलं असं दाखवतो, आणि त्याला गोळी घालून बाहेर ढकलून देतो. मग टोपी सारखी करून स्वतः शिट्टी वाजवतो. आमची खोली खो खो हसली. मीही हसलो.

चर्चा त्या दिवशी फार रंगली. वाणी सर म्हणाले, या दिग्दर्शकाचा क्रांतीवर विश्वास नाही, त्याचा विश्वास फक्त भुकेवर आहे. वकिलांना ते पटलं नाही. दरोडेखोर हाच खरा क्रांतिकारक, कारण त्याला भाषण करता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. मंगलाताई म्हणाल्या, एवढ्या मोठ्या क्रांतीत बाईला करायला एकच काम दिलंय, मरायचं, आणि तेही पहिल्या अर्ध्या तासात. सलीमभाईंना तो लांब, मळलेला कोट हवा होता. तसा शिवायला कापड किती लागेल याचा त्यांनी हिशेब मांडला, आणि संगीताबद्दल एवढंच म्हणाले, की ती शिट्टी आता आठवडाभर डोक्यातून जाणार नाही.

झोपेभाऊ बोलले नाहीत. कोणाच्या तरी ते लक्षात आलं. वकिलांनी हाक मारली, "काय ड्रायव्हरसाहेब, पोचला की यार्डात?"

झोपेभाऊ भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मंगलाताईंकडे पाहून विचारलं, "ताई, तो इंजिनवाला काय म्हनला? गोळी खायच्या आधी?"

मंगलाताईंना क्षणभर आठवेना. मग म्हणाल्या, "तो म्हणाला, मी फक्त गाडी चालवतो."

"एवढंच?"

"एवढंच."

वकील हसून म्हणाले, म्हणूनच मेला. सरकारी सैन्य घेऊन निघालाय आणि म्हणे मी फक्त गाडी चालवतो. असल्या माणसाला असंच उडवायला पाहिजे. वाणी सरांनी जरा सावरून घेतलं. तो ड्रायव्हर म्हणजे व्यक्ती नाही, व्यवस्थेचा एक सुटा भाग आहे, म्हणून दिग्दर्शक त्याला नावसुद्धा देत नाही, असं काहीतरी ते म्हणाले. झोपेभाऊ उठले, चपला घातल्या आणि मत न सांगता जिना उतरून गेले. असं पहिल्यांदाच झालं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. मी घरी गेलो तेव्हा सिंधूताईंनी सांगितलं, ते मेहरूणच्या तलावाकडे फिरायला गेलेत, हल्ली रोज संध्याकाळी तिकडंच असतात. मी तिकडं गेलो. ते काठावरच्या दगडावर बसले होते. मला पाहून सरकले, जागा दिली. सिनेमाबद्दल त्यांनीच काढलं.

"मास्तर, तुमी हसले व्हते ना तवा?"

मी हो म्हणालो.

"मी बी हसलो. आधी हसलो. मंग इचारलं."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. कारण ते सलग बोलत नव्हते.

तेरा-चौदा वर्षांपूर्वी रेल्वेत मोठा संप झाला होता. झोपेभाऊही आधी संपात होते. त्यांचा फायरमन भिला पाटील तर पुढाऱ्यांतला. पारोळ्याचा माणूस, धडाडीचा. पहिल्या आठवड्यातच त्याला पकडून नेलं. क्वार्टर रिकामं करा म्हणून घरच्यांना धमक्या आल्या. त्याच दिवसांत एक अधिकारी झोपेभाऊंच्या घरी आला. मळक्या सतरंजीवर बसला, सिंधूताईंच्या हातचा चहा प्यायला, आणि त्यांना 'झोपेसाहेब' म्हणाला. फाट्यावरून गाडी काढू शकेल असा भरवशाचा ड्रायव्हर तुम्हीच आहात, असं म्हणाला. मुलाच्या नोकरीचं बघू, असंही जाताजाता म्हणाला.

"लोकाइले वाटते मी भेलो म्हनून गेलो," झोपेभाऊ म्हणाले. "भेलो असतो तर सांगता तरी आलं असतं. मले बरं वाटलं, मास्तर. साहेब माझ्या घरी बसला, मले साहेब म्हनला, ते बरं वाटलं. मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो त्या दिवशी."

गाडी पोलिसांच्या बंदोबस्तात निघाली. इंजिनावर अनोळखी फायरमन. वाटेत एका लहान स्टेशनाच्या अलीकडे त्यांना रुळांवर लुगडी दिसली. संपकऱ्यांच्या बायका रुळांवर आडव्या झाल्या होत्या. झोपेभाऊंनी ब्रेक लावला, गाडी त्यांच्यापासून बऱ्याच अंतरावर थांबली. पोलीस उतरले आणि बायकांना ओढून बाजूला करू लागले. आरडाओरडा, धूळ. झोपेभाऊ इंजिनात वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्याकडे पाहत बसले. काट्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात खालून कोणीतरी त्यांना नावानं हाक मारली. भिलाची बायको, सुमनबाई. लुगडं फाटलेलं, केस सुटलेले. ती इंजिनाच्या पायरीला धरून वर पाहत ओरडत होती, "झोपेभाऊ, खाले उतरा. खाले उतरा, भाऊ."

झोपेभाऊ तिला म्हणाले, "मी फक्त गाडी चालोतो, वहिनी."

मग रूळ मोकळे झाले आणि त्यांनी गाडी पुढं नेली. त्या झटापटीत भिलाच्या आईचं कंबरेचं हाड मोडलं, हे त्यांना दोन दिवसांनी कळलं. बोटानं भाकरी दाबून देणारी तीच म्हातारी. ती परत उभी राहिली नाही. भिलाची नोकरी गेली. पुढं सरकार बदललं, काढलेल्यांना परत घेतलं, पण आई अंथरुणावर असल्यामुळे भिला परत आला नाही. त्यानं पारोळ्यात रस्त्याच्या कडेला पिठाची गिरणी टाकली. झोपेभाऊंचा मुलगा बुकिंग क्लार्क झाला. एवढ्या वर्षांत झोपेभाऊ धुळ्याला बसनं कितीदा गेले, पण पारोळं आलं की ते गिरणीच्या बाजूची खिडकी सोडून दुसऱ्या बाजूला बसत.

"भिला आहे ना अजून?" मी विचारलं.

"गेला. दोनेक वर्षं झाली. पेपरात पाह्यलं."

मी त्यांना म्हणालो, सुमनबाई तर असतील. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. ते म्हणाले, तुम्ही संगं याल का?

आम्ही गेलो. दिवाळीची सुट्टी होती. बसमध्ये झोपेभाऊ काय बोलायचं याची उजळणी करत होते. मधेच मला विचारायचे, पाया पडलं तर बरं दिसेल का? वयानं लहान आहे ती. मी म्हणालो, तेव्हाचं तेव्हा पाहू.

गिरणी स्टँडपासून जवळ होती. पट्ट्याचा फटफट आवाज, ओट्यावर दळणाच्या डब्यांची रांग. आत एक बाई डोक्याला फडकं बांधून काम करत होती. पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या. झोपेभाऊ ओट्याखाली उभे राहिले. तिनं पाहिलं, डोळे बारीक केले, आणि गिरणी बंद केली.

"झोपेभाऊ ना तुम्हीन? बठा." मग आत वळून नातवाला चहा सांगायला पाठवलं.

झोपेभाऊ बसले नाहीत. बसमध्ये पाठ केलेलं सगळं त्यांच्या तोंडून उलटसुलट बाहेर पडलं. त्या दिवशी तुम्ही मले गाडी सोडून संपात याले सांगून राहिल्या व्हत्या. नोकरीच्या लालचेनं मी नाही सोडली. संप मोडला मी. भिलाचा घात केला. असं बरंच काही. दळण घ्यायला आलेल्या दोन बायका कान देऊन ऐकत होत्या, पण त्यांचं त्यांना भान नव्हतं.

सुमनबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरंतर ती जरा गोंधळल्यासारखी दिसत होती. मग तिच्या अहिराणीत म्हणाली, "संपनं काय सांगतस, भाऊ. संपात तं बठ्ठाच परत गयात. कोणी आज, कोणी सकाय. आमना मालकनी त्यानावर कधी राग धरा नही."

झोपेभाऊ ओट्याच्या आणखी जवळ आले.

"मी तुमले गाडी सोडाले नही सांगं व्हतं," ती म्हणाली. "गाडी तं उभी व्हती. मन्ही सासू रुळमा पडेल व्हती, तिले उठता ये ना. पोलीस तिले फरफटी नेतीन असं माले दिसनं. तुम्हीन तिन्हा हातनी भाकर खायेल. म्हनून मी तुमले हाक मारी, खाले उतरा आनि तिले उचला. घडीभरनं काम व्हतं. उचलीसन बाजूले ठेवतात आनि परत गाडीवर बठतात, तं तुमनी नोकरी काय जाती नही व्हती."

तिच्या लेखी बोलायचं तेवढं संपलं होतं. चहा आला. झोपेभाऊंनी कप हातात घेतला आणि न पिताच ओट्यावर ठेवला. माझी नजर कुठं ठेवावी ते मला कळेना. एवढी वर्षं हा माणूस एका मोठ्या अपराधाचं ओझं घेऊन हिंडत होता. संपाचा, मित्राच्या विश्वासाचा, साहेबाच्या चहाचा. आणि त्याच्याकडे मागितलं गेलं होतं ते फक्त एका म्हातारीला उचलणं. ते करायला कोणाची बाजूही घ्यावी लागणार नव्हती. त्यावर त्यानं उत्तर दिलं होतं, मी फक्त गाडी चालवतो.

झोपेभाऊ खालच्या आवाजात म्हणाले, "मले ऐकू आलं नाही, वहिनी. मले वाटलं..."

"हां," सुमनबाई म्हणाली. "इंजिनना आवाज व्हता." तिनं हे त्यांना सोडवण्यासाठी म्हटलं की नाही, ते आजही मला सांगता येणार नाही. मग तिनं विचारलं, काही लागतं का, नाहीतर दळण पडलंय. आणि गिरणी सुरू केली.

परतताना एरंडोलला बस थांबली तेव्हा ते म्हणाले, "इंजिन उभं व्हतं मास्तर. उभ्या इंजिनाले एवढा आवाज नसतो."

त्यानंतरच्या रविवारी ते मंडळात आले. नेहमीच्या जागी बसले. कुठला सिनेमा होता ते मला आठवत नाही. तो संपल्यावर त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, मागच्या त्या मेक्सिकोच्या सिनेमावर माझं मत राहिलं होतं, ते सांगतो. सगळ्यांना हायसं वाटलं. आपला जुना माणूस परत आला, असं वाटून वकिलांनी खुर्ची वळवून त्यांच्याकडे तोंड केलं.

झोपेभाऊ उभे राहिले. चर्चेत कोणी उभं राहत नसे. म्हणाले, "सिनेमा पोचला. पन एक चुकलं. त्या इंजिनवाल्याले मारालेच नको व्हतं. त्याले जित्ता सोडाले पाह्यजे व्हता."

मंगलाताई म्हणाल्या, "मलाही तसंच वाटलं. बिचारा निरपराध होता."

"नाही ताई, तसं नाही," झोपेभाऊ म्हणाले. "मेला तर सुटला तो. जित्ता राह्यला असता तर त्याले कळलं असतं."

काय कळलं असतं, असं वाणी सरांनी विचारलं. झोपेभाऊ खाली बसले. वाणी सरांनी मग स्वतःच त्याचा अर्थ लावला. सामान्य माणसाची वर्गीय जाणीव वगैरे. चांगलं बोलले ते. सलीमभाई मात्र झोपेभाऊंच्या हातांकडे पाहत होते. झोपेभाऊंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

पुढं वर्षा-दोन वर्षांत मंडळ पांगलं. वाणी सर पुण्याला गेले, घरोघरी केबल आली, वकिलांनी ती खोली एका झेरॉक्सवाल्याला भाड्यानं दिली. माझी बदली धुळ्याला झाली. सुट्टीत जळगावला आलो की झोपेभाऊंकडे चक्कर असे, पण ते कमी भेटत. सिंधूताई हसून तक्रार करत, की ह्यांना म्हातारपणी नवीन खूळ लागलंय. महिन्यातून एकदा गव्हाचा डबा उचलतात आणि कुठंतरी दळायला घेऊन जातात, सकाळी गेलेले तिसऱ्या प्रहरी येतात. "आपल्या गल्लीत गिरन्या नाहीत का? इचारलं तर सांगत नाहीत. म्हनतात, तिथलं पीठ बारीक येते."

मी त्यांना काही सांगितलं नाही.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते अशाच एका सुट्टीत. मी धुळ्याहून जळगावला निघालो होतो. पारोळ्याला बस स्टँडबाहेर पडली आणि समोर बैलगाड्या अडकल्यामुळे गिरणीसमोरच थांबली. ओट्यावर चारपाच बायका आणि एक म्हातारा शेतकरी आपापले डबे घेऊन बसले होते. त्यांच्या रांगेत झोपेभाऊ होते. बरेच वाळले होते. पत्र्याचा डबा दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये धरून, इतरांसारखेच नंबराची वाट पाहत बसले होते. सुमनबाई आत काम करत होती. ती बाहेर आली, एकेक डबा पाहत पुढं सरकली, झोपेभाऊंच्या डब्यातही बोट घालून गहू पाहिला, आणि पुढच्या बाईकडे गेली.

मी हाक मारायला खिडकीतून हात बाहेर काढला. तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. मला ओळखलं, यात शंका नाही. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि डब्याचं झाकण, जे नीटच बसलेलं होतं, ते पुन्हा बसवू लागले. मी हात आत घेतला. बस हलेपर्यंत मी पुढच्या सीटच्या पाठीकडे पाहत राहिलो.